ग्रीक तत्त्वज्ञान आणि आद्य ख्रिस्तसभेचा ईश्वरविचार

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरविलेल्या व्याख्यानमालेंत दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय शोधीत बसण्याची वेळ आमच्यावर आली नाहीं. विषय आपण होऊनच आमच्या दाराशीं आला होता. गेल्या उपवासकाळांत तरुणांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत क्रेदोचें विवरण चाललें असतां एका मुलानें उभें राहून विचारलें कीं, प्रभु येशू हा पित्याशीं एकतत्त्व आहे असें आपण क्रेदोंत म्हणतों, तर हा शब्द शुभवर्तमानाच्या कोणत्या अध्यायांत आहे? आम्हीं त्यास प्रामाणिकपणें सांगितलें कीं, तो कोणत्याच अध्यायांत नाहीं. तो ग्रीक तत्त्ववेत्त्यांच्या पाठशाळेंतून आलेला शब्द आहे. यावर त्याचा दुसरा प्रश्न तयारच होता: "मग आमची आजी रोज रात्रीं जपमाळ हातीं घेऊन ज्या देवापुढें गुडघे टेकते, तो देव गालिलांतला कीं अथेन्सांतला?"

वर्गांत हंशा पिकला. आम्ही मात्र हंसूं शकलों नाहीं. कारण हाच प्रश्न मोठमोठ्या पंडितांनींही विचारलेला आहे. जर्मनींतील प्रॉटेस्टंट विद्वान आडोल्फ फॉन हार्नाक यांनीं १८८६ सालापासून प्रसिद्ध केलेल्या धर्ममतांच्या इतिहासांत असें प्रतिपादिलें कीं, ख्रिस्तसभेचें धर्ममत म्हणजे शुभवर्तमानाच्या जमिनीवर ग्रीक बुद्धीनें उभारलेली इमारत होय. हें खरें असेल, तर आपल्या वाडवडिलांनीं जो क्रेदो लॅटिनमध्यें गाइला व जो आपण आज मराठींत म्हणतों, तो परक्याच्या घरचा ठरेल. हें सर्वस्वीं खोटें म्हणावें, तर तो शब्द समोर उभाच आहे. म्हणून ग्रीकांनीं आपणांस काय दिलें, आपल्या धर्मपूर्वजांनीं त्यांतून काय घेतलें व काय टाकलें, याचा हिशेब आज आपण शांतपणें मांडूं या.

प्रथम ही गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे कीं, ग्रीकांचा देवविषयक उच्च विचार त्यांच्या देवळांत जन्मास आला नाहीं. देवळांत झ्यूस, अपोलो, आर्तेमीस इत्यादि अनेक देवतांची पूजा चाले, आणि होमर व हेसिओड यांच्या काव्यांत याच देवता चोरी करीत, व्यभिचार करीत, एकमेकांस फसवीत. याविरुद्ध पहिला मोठा आवाज कोलोफोन नगराच्या झेनोफानीस यानें ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत उठविला. इथिओपियाचे लोक आपले देव काळे व नकटे कल्पितात, थ्रेसचे लोक निळ्या डोळ्यांचे व तांबड्या केसांचे कल्पितात, हें दाखवून तो म्हणे कीं, बैलांना व घोड्यांना हात असते, तर त्यांनींही आपापल्यासारखेच देव रंगविले असते. सर्वश्रेष्ठ देव एक आहे. त्याचा देह माणसासारखा नाहीं, मनही माणसासारखें नाहीं. तो श्रमावांचून केवळ आपल्या मनानें सर्व कांहीं हालवितो, अशी त्याची शिकवण होती.

त्यानंतर थोड्याच काळानें, ख्रिस्तपूर्व ५०० च्या सुमारास, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील इफिस नगरांत हेराक्लायटस नांवाचा तत्त्ववेत्ता होऊन गेला. जग नदीसारखें अखंड वाहत आहे, तरी त्या वाहण्याला एक नियम आहे, असें त्याचें म्हणणें. त्या नियमाला त्यानें 'लोगोस' हें नांव दिलें. या ग्रीक शब्दांत बोल, हिशेब, प्रमाण, युक्ति, कारण असे कितीतरी अर्थ एकत्र नांदतात. श्रोत्यांनीं हें गांव आणि हा शब्द दोन्ही लक्षांत ठेवावीं. पुढें आपली त्यांच्याशीं पुन्हां गांठ पडणार आहे.

प्लेटोनें (ख्रिस्तपूर्व ४२७–३४७) सर्व दृश्य वस्तूंच्या पलीकडे असलेल्या परम कल्याणाचा शोध घेतला. 'टायमिअस' या ग्रंथांत तो म्हणतो कीं, जगाचा कर्ता चांगला आहे, आणि जो चांगला त्याच्या ठायीं मत्सर नसतो. म्हणून आपलें चांगुलपण जगाला लाभावें अशी त्याची इच्छा झाली. त्याचा शिष्य अॅरिस्टॉटल (ख्रिस्तपूर्व ३८४–३२२) यानें दाखविलें कीं, जगांतील प्रत्येक गति दुसऱ्या कशापासून तरी आलेली असते. ही मालिका कोठें तरी थांबली पाहिजे. म्हणून जो स्वतः न हलतां सर्वांना हालवितो असा एक आदिचालक मानलाच पाहिजे. प्रिय वस्तु जशी जागची न हलतां प्रेम करणाऱ्याला आपणाकडे ओढते, तसें हें विश्व त्याच्या ओढीनें चाललें आहे.

बंधुभगिनींनो, हे विचार क्षुद्र नव्हेत. ज्या लोकांना मोशे मिळाला नव्हता, त्यांनीं केवळ बुद्धीच्या दिव्यानें एवढी मजल मारली याबद्दल आपण त्यांच्यापुढें आदरानें मान लवविली पाहिजे. परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. अॅरिस्टॉटलचा देव केवळ आपल्या स्वतःच्याच चिंतनांत मग्न आहे. विश्व त्याच्यावर प्रेम करील. तो विश्वावर प्रेम करीत नाहीं. त्याच्यापुढें त्या मुलाच्या आजीनें रात्रभर गुडघे टेकले, तरी ती टेकली आहे हें त्याच्या गांवींही नसेल.

आतां आपण अथेन्स सोडून मिसर देशांतील आलेक्झांड्रिया नगरांत जाऊं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून तेथील यहुद्यांनीं आपल्या पवित्र शास्त्राचें ग्रीकमध्यें भाषांतर करण्यास आरंभ केला. जळत्या झुडुपांतून परमेश्वरानें मोशेस आपलें नांव सांगितलें, त्या स्थळीं या भाषांतरकारांनीं 'जो आहे तो' अशा अर्थाचे ग्रीक शब्द योजिले. हेच शब्द प्लेटोच्या वाचकांच्या कानीं पडले, तेव्हां त्यांना वाटलें, सर्व बदलणाऱ्या वस्तूंच्या मागें जें खरोखर आहे असें आमचे गुरु म्हणत, त्याचीच ही ओळख. एका भाषांतरानें दोन नद्यांचें पाणी एकत्र आणलें. याच नगरांत प्रभु येशूच्या काळीं फायलो नांवाचा यहुदी पंडित होता. अनंत देव आणि मर्यादित जग यांच्यामधील दुवा म्हणून त्यानें ग्रीकांचा लोगोस घेतला, आणि त्यास देवाची प्रतिमा व त्याचा ज्येष्ठ पुत्र म्हटलें. परंतु फायलोचा लोगोस कोणाच्या घरीं जेवला नाहीं, कोणाच्या कबरीपाशीं रडला नाहीं.

इफिस नगर पुन्हां येतें तें येथें. संत योहानानें आपलें शुभवर्तमान इफिस येथें राहत असतां प्रसिद्ध केलें, असें दुसऱ्या शतकांतील संत इरेनियस लिहितो. ज्या नगरांत हेराक्लायटसनें लोगोसचा उच्चार केला होता, त्याच नगरांत सहाशें वर्षांनीं एका शुभवर्तमानाचा आरंभ त्याच शब्दानें व्हावा! योहानानें तो शब्द हेराक्लायटसच्या पोथींतून उचलला असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या मनांत उत्पत्तीच्या पुस्तकांतील, बोलून जग निर्माण करणारा देव होता, आणि शलमोनाच्या ग्रंथांतील देवाजवळ वसणारें ज्ञान होतें. पण ग्रीक वाचकाला तो शब्द आपल्या घरचा वाटला, तो आनंदानें पुढें वाचूं लागला, आणि चौदाव्या ओळीशीं येऊन थबकला. कारण तेथें लिहिलें होतें कीं, या लोगोसनें माणसाचा देह घेतला. अशी गोष्ट कोणत्याही ग्रीक शाळेंत शिकविली जात नव्हती.

संत पौलाचाही हाच अनुभव. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायांत तो अथेन्समध्यें एपिक्युरियन व स्टोइक पंथांच्या लोकांशीं बोलतो. आपण सर्व देवाचेच वंशज आहों, या अर्थाचे एका ग्रीक कवीचे शब्द तो आधारास घेतो. ते शब्द अरेटसच्या ताऱ्यांवरील काव्यांत सांपडतात, आणि अरेटस हा पौलाप्रमाणेंच किलिकिया प्रांताचा. तोंवर सभा शांतपणें ऐकत होती. मेलेल्यांतून उठण्याची गोष्ट निघतांच कित्येकांनीं टवाळी केली, कांहीं थोड्यांनीं विश्वास ठेविला. पुढील चार शतकांचा इतिहास या एका सभेंत बीजरूपानें आहे: ग्रीक दार उघडतो, उंबऱ्यापर्यंत बरोबर येतो, आणि क्रूस दिसतांच अडखळतो.

दुसऱ्या शतकांत हा उंबरा ज्यांनीं ओलांडला, त्यांत संत जस्टिन अग्रगण्य होय. आज नाब्लुस म्हणतात त्या पॅलेस्टाइनमधील गांवीं, सुमारें १०० सालीं, त्याचा जन्म झाला. सत्यदेवाच्या शोधांत तो प्रथम एका स्टोइकाकडे गेला; त्याला देवाविषयीं कांहीं सांगतां येईना. मग अॅरिस्टॉटलच्या पंथाच्या गुरूकडे गेला. त्यानें प्रथम फीची गोष्ट काढली. पायथागोरसच्या अनुयायानें सांगितलें, आधीं संगीत, ज्योतिष व भूमिति शिकून ये. शेवटीं प्लेटोच्या शिष्यांत त्याला समाधान वाटूं लागलें. तोंच समुद्रकिनारीं एका वृद्ध ख्रिस्ती माणसाची गांठ पडली, आणि त्याच्या अंतःकरणांत अग्नि पेटला. ख्रिस्ती झाल्यावरही जस्टिननें तत्त्ववेत्त्याचा झगा टाकला नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, ज्या लोगोसनें मारियेच्या उदरीं देह घेतला, त्याचींच बीजें सर्व मनुष्यजातींत पेरलेलीं आहेत. म्हणून सॉक्रेटीस व हेराक्लायटस यांच्यासारखे जे लोगोसला धरून जगले, ते एका अर्थीं आमचेच.

याच जस्टिनला रोममध्यें सुमारें १६५ सालीं देहदंडाची शिक्षा झाली. शिक्षा देणारा न्यायाधीश रुस्तिकस हा स्वतः स्टोइक तत्त्वज्ञ होता, सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरु होता. सर्व विश्व लोगोसनें भरलें आहे, हें त्यालाही मान्य होतें. तो लोगोस नासरेथच्या सुतारांत भेटला, असें म्हणणाऱ्याचें मात्र त्यानें मस्तक उडविलें. ग्रीक विचार आणि ख्रिस्ती विश्वास यांच्यांत जें साम्य आहे व जें अंतर आहे, तें त्या न्यायसभेंत एकाच वेळीं दिसलें.

सर्वच ख्रिस्ती लेखकांना हा स्नेह पसंत नव्हता. कार्थेजच्या तर्तुलियननें रागानें विचारलें कीं, अथेन्सचा यरुशलेमशीं संबंध काय? पण गंमत अशी कीं, देवाच्या त्रैक्यासाठीं लॅटिनमध्यें 'त्रिनितास', 'सुब्स्तान्सिया', 'पेर्सोना' हे शब्द रूढ करण्यास तोच कारण झाला. शब्दांवांचून विश्वास बोलूं शकत नाहीं, आणि शब्द कोणाच्या तरी बाजारांतूनच आणावे लागतात. याउलट आलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनें म्हटलें कीं, हिब्रू लोकांना नियमशास्त्रानें जसें ख्रिस्ताकडे आणलें, तसें तत्त्वज्ञानानें ग्रीकांना आणलें. आपणांस कौतुक वाटेल कीं, हिंदी लोक ज्यास देवाप्रमाणें पूजितात त्या बुद्धाचें नांव याच क्लेमेंटच्या ग्रंथांत आढळतें.

क्लेमेंटच्या मागून आलेल्या ओरिजेननें (सुमारें १८५–२५३) आपल्या ग्रेगरी नांवाच्या शिष्यास लिहिलेल्या पत्रांत एक दृष्टान्त दिला. इस्राएल लोक मिसरांतून निघतांना तेथील लोकांचें सोनेंनाणें बरोबर घेऊन निघाले, आणि पुढें रानांत त्याच सोन्याचीं पवित्रस्थानांतील उपकरणें झालीं. ग्रीकांच्या विद्येचा उपयोग असा करावा, असें सांगून त्यानें शिष्याला इशाराही दिला कीं, परक्याच्या विद्येपासून मूर्ति घडविणारेच फार. आम्ही या दृष्टान्तांत एवढीच भर घालतों: त्याच रानांत, सोन्याच्या त्याच दागिन्यांचें एक वासरूंही झालें होतें. सोनें एकच. त्याचें काय घडवावयाचें हा प्रश्न.

तेव्हां आपल्या धर्मपूर्वजांनीं ग्रीक सोनें जसेंच्या तसें गळ्यांत घातलें नाहीं, तें वितळविलें. याचीं दोन उदाहरणें देतों. प्लेटोचा जगत्कर्ता कुंभारासारखा आहे. त्याला घडविण्यासाठीं माती आधींपासून लागते. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकांत, आपल्या सात मुलांचे हाल डोळ्यांनीं पाहणारी आई धाकट्यास सांगते कीं, देवानें सर्व कांहीं नसलेल्यांतून केलें. हाच विश्वास धरून अंत्युखियाचा बिशप थिओफिलस यानें १८० च्या सुमारास प्लेटोचें मत उघड खोडून काढलें: माती जर देवाइतकीच अनादि असेल, तर देव सर्वांचा धनी कसा?

दुसरें उदाहरण दुःखाचें. देव विकाररहित आहे, त्यास कांहीं सोसावें लागत नाहीं, असें ग्रीक तत्त्ववेत्ते मानीत. होमरच्या रागीट व कामुक देवतांनंतर हें म्हणणें शहाणपणाचें होतें, आणि ख्रिस्तसभेनेंही त्यांतील सत्य स्वीकारलें. पण सेल्सस नांवाच्या प्लेटोमतानुयायी लेखकानें याच तत्त्वाचें शस्त्र केलें: देव खालीं उतरला म्हणजे तो चांगल्याचा वाईट झाला, असा देव देवच नव्हे. ओरिजेननें त्यास विस्तारानें उत्तर दिलें, आणि एका प्रवचनांत तर तो म्हणाला कीं, पिताही सर्वस्वीं निर्विकार नाहीं. त्याला प्रीतीचें दुःख आहे. हें बोलणारा केवळ शब्दपंडित नव्हता. त्याचा बाप धर्मासाठीं मेला होता, आणि डेसियस सम्राटाच्या छळांत त्यानें स्वतः म्हातारपणीं कैद व यातना सोसल्या.

आतां आपण मुलाच्या प्रश्नाच्या गाभ्याशीं येतों. चौथ्या शतकाच्या आरंभीं आलेक्झांड्रियांत आरियस नांवाचा एक धर्मगुरु शिकवूं लागला कीं, देव हा एकच अनादि, अजन्मा, अविभाज्य आहे. म्हणून पुत्र हा अनादि नव्हे, तो देवाची पहिली व सर्वश्रेष्ठ कृति आहे. आरियसचा आधार केवळ तत्त्वज्ञान होता असें नव्हे. नीतिसूत्रांचे व शुभवर्तमानाचे दाखले तोही देई. परंतु त्याच्या विचाराचा सांचा त्या काळच्या प्लेटोपंथी मंडळींच्या ओळखीचा होता: वर एक अलिप्त परमदेव, त्याच्याखालीं जगाशीं व्यवहार करणारा दुसरा, दुय्यम देव. हेतु देवाचा महिमा वाढविण्याचा. परिणाम असा कीं, देव इतका उंच गेला कीं त्याला गाईच्या गोठ्यांत उतरतांच येईना. गोठ्यांत आला तो दुसराच कोणी.

सम्राट कॉन्स्टंटाईननें ३२५ सालीं नायसिया येथें बिशपांची परिषद बोलाविली. तें गांव आज इझ्निक या नांवानें तुर्कस्तानांत आहे. परंपरेनें बिशपांची संख्या ३१८ सांगतात. संत अथानासियस त्या वेळीं आपल्या बिशपाबरोबर आलेला तरुण दीक्षितसेवक होता. तो लिहितो कीं, पवित्र शास्त्रांतील शब्दच वापरावे अशी परिषदेची इच्छा होती. परंतु शास्त्रांतला जो जो शब्द काढावा, तो तो आरियसचे अनुयायी एकमेकांस डोळे घालून मान्य करीत, कारण प्रत्येकाचा त्यांना आपल्या सोयीचा अर्थ लावतां येई. तेव्हां ज्याचा दुसरा अर्थ करतां येणार नाहीं, असा शब्द परिषदेनें घेतला: 'होमोऊसियोस', पित्याशीं एकतत्त्व.

हा शब्द घेणें सोपें नव्हतें. तो शास्त्रांत नव्हता. ज्यांना ख्रिस्तसभेनें बाहेर काढलें होतें त्या नॉस्टिक पंथीयांनीं तो वापरलेला होता. आणि त्यानें देव म्हणजे दोन भागांत कापलेला पदार्थ, असा भास होण्याची भीति होती. कैसरियाचा बिशप युसेबियस यास तर आपण सही कां केली याचा खुलासा आपल्या लोकांना पत्रानें करावा लागला. तरी परिषदेनें तो घेतला, आणि येथेंच हार्नाकसाहेबांच्या म्हणण्यास उत्तर मिळतें. शब्द ग्रीकांचा होता. पण त्या शब्दानें जें मोडलें, तोही ग्रीकांचाच एक आवडता विचार होता, कीं खरा देव जगाला स्पर्श करूं शकत नाहीं. अथेन्सच्या भट्टींतील शस्त्र घेऊन ख्रिस्तसभेनें बेथलेहेमच्या गव्हाणीचें रक्षण केलें.

हा तंटा पंडितांपुरताच होता असें कोणी समजूं नये. निसाचा संत ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलविषयीं सांगतो कीं, भाकरीचा भाव विचारावा, तर दुकानदार पिता मोठा व पुत्र लहान असें ऐकवी. स्नानाचें पाणी तयार आहे काय म्हणावें, तर नोकर म्हणे, पुत्र शून्यांतून झाला! संत अथानासियस तर या एका शब्दासाठीं पांच वेळां हद्दपार झाला; त्याच्या बिशपपदाच्या ४५ वर्षांपैकीं सुमारें १७ वर्षें परमुलखांत व रानांत गेलीं. त्याचा मुद्दा साधा होता. पुत्र जर निर्माण केलेला असेल, तर तो आपणांस देवाशीं जोडूं शकत नाहीं; बुडणाऱ्यास दुसरा बुडणारा काढूं शकत नाहीं, तसें.

पण हा मनुष्य शब्दांचा गुलाम नव्हता. ३६२ सालीं आलेक्झांड्रियाच्या धर्मसभेंत दोन पक्ष समोरासमोर आले. एक म्हणे, देवाच्या ठायीं तीन 'हिपोस्टासिस' आहेत. दुसरा म्हणे, एकच आहे. एकमेकांस ते पाखंडी म्हणत. अथानासियसनें प्रत्येकास शांतपणें विचारलें, तुमच्या शब्दाचा अर्थ काय? तेव्हां कळून आलें कीं, दोघांचा विश्वास एकच, शब्दाचा वापर मात्र निरनिराळा. पुढें संत बेसिल, त्याचा धाकटा भाऊ निसाचा ग्रेगरी, आणि त्याचा मित्र नाझियांझसचा ग्रेगरी यांनीं हिशेब पक्का केला: तत्त्व एक, व्यक्ति तीन. 'हिपोस्टासिस' म्हणजे मुळांत तळाशीं बसलेला गाळ किंवा आधार. 'प्रोसोपोन' म्हणजे चेहरा किंवा नटाचा मुखवटा. या शब्दांतून प्रेम करणारा, हांक मारणारा, ज्याची जागा दुसरा घेऊं शकत नाहीं असा 'कोणी तरी' हा अर्थ ग्रीकांनीं पूर्वीं काढलेला नव्हता. तो पिता आणि पुत्र यांच्याविषयीं बोलतांना प्राप्त झाला. एवढ्या जागीं तरी ऋणको कोण आणि धनको कोण, हें पुन्हां तपासलें पाहिजे.

याच ३६२ सालीं सम्राट जूलियननें ख्रिस्ती शिक्षकांस ग्रीक वाङ्मय शिकविण्याची मनाई केली. ज्यांचा होमरच्या देवांवर विश्वास नाहीं त्यांनीं होमर शिकवूं नये, असा त्याचा युक्तिवाद. नाझियांझसच्या ग्रेगरीस ही मनाई तीव्रपणें झोंबली. ग्रीक भाषा बोलणें हें कोणा एका धर्माचें वतन नव्हे, असें त्यानें निक्षून सांगितलें. आणि याच तिघांनीं उलट बाजूचाही धोका ओळखला होता. युनोमियस नांवाचा तर्कपटु म्हणे कीं, 'अजन्मा' या एका शब्दांत देवाचें संपूर्ण स्वरूप आपणांस कळतें. निसाच्या ग्रेगरीनें उत्तर दिलें कीं, देवाला पकडूं पाहणारी आपली प्रत्येक कल्पना ही एक मूर्तिच होय. ओरिजेनच्या सोन्याची गोष्ट आठवा. एकतत्त्व हा शब्द खरा आहे. पण त्या शब्दांत देव मावला असें ज्यास वाटेल, त्यानें पवित्रस्थानाचें सोनें वितळवून पुन्हां वासरूं केलें.

पश्चिमेकडे संत अगस्तीननें आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथाच्या सातव्या भागांत या सर्व इतिहासाचा निकाल एका अनुभवांत सांगितला आहे. प्लेटोपंथी ग्रंथांत त्याला देवाजवळ आरंभापासून असलेला शब्द आढळला. परंतु तो शब्द देही झाला, त्यानें आपणांस रिक्त केलें, मरणापर्यंत तो नम्र झाला, हें त्या पुस्तकांत त्याला आढळलें नाहीं. त्या ग्रंथांनीं त्याला दूरच्या डोंगरावरून आपला देश दाखविला. तेथें जाण्याची वाट दाखविली नाहीं. आणि ४३१ सालीं ख्रिस्तसभेची तिसरी सार्वत्रिक परिषद कोठें भरली? इफिस येथें. मारिया ही देवाची माता होय, असें त्या परिषदेनें मान्य केलें. ज्या नगरांत लोगोस हा विश्वाचा नियम म्हणून प्रथम बोलला गेला, त्याच नगरांत त्या लोगोसला आई आहे, हें जगजाहीर झालें.

आपल्या मराठी भाषेलाही या इतिहासांत एक लहानसा अंश आहे. १५७९ सालीं गोमंतकांत आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. त्यांनीं आपल्या ओव्यांत स्वर्गाला वैकुंठ म्हटलें, आणि पुराण हें नांवही येथलेंच घेतलें. जस्टिननें झगा ठेवला, स्टीफन्सनीं ओवी धरली, रीत एकच. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९८ सालच्या 'फिदेस एत रातिओ' या परिपत्रांत सांगितलें आहे कीं, ख्रिस्तसभेनें ग्रीक विचारापासून जें मिळविलें तें ती टाकूं शकत नाहीं. परंतु तेवढ्यावर तिची वाट संपत नाहीं, आणि पूर्वेकडील ज्या देशांच्या तत्त्वसंपत्तीकडे तिनें लक्ष द्यावें, त्यांत भारताचें स्थान विशेष आहे. आपणांवरही हीच जबाबदारी पडते. आपल्या भूमींतील शब्द घ्यावे, आदरानें घ्यावे, आणि बेथलेहेमच्या व काल्वारीच्या अग्नींत घालून पाहावे. जें टिकेल त्याचें पवित्रस्थान बांधावें.

नायसियाच्या परिषदेस २०२५ सालीं १७०० वर्षें पूर्ण झालीं. त्यापुढें आपल्या धर्मग्रामाचीं ५० वर्षें म्हणजे कालचा दिवस. पण या ५० वर्षांत या वेदीपुढें किती बाप्तिस्मे झाले, किती शवपेटिका टेकल्या, किती आयांनीं आजारी मुलांसाठीं येथें डोळे पुसले! ते सर्व कोणाशीं बोलत होते? खुद्द देवाशीं, कीं त्याच्या एखाद्या वरिष्ठ सेवकाशीं? एकतत्त्व या शब्दानें दिलेलें उत्तर असें कीं, खुद्द देवाशीं. क्रूसावर जे हात पसरले आहेत, ते दुय्यम देवाचे हात नव्हेत.

म्हणून आज तो मुलगा या सभेंत बसला असेल, तर त्यास आम्ही एवढेंच सांगूं: बाळा, तुझी आजी ज्या देवापुढें गुडघे टेकते, तो गालिलांतलाच देव. त्याची शिकवण अथेन्सनें दिली नाहीं. पण जेव्हां त्यास लहान करण्याचा घाट घातला गेला, तेव्हां अथेन्सचा एक जड शब्द घेऊन आपल्या वाडवडिलांनीं त्याच्याभोंवतीं कुंपण घातलें. आजीला तो ग्रीक शब्द ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असण्याची गरजही नाहीं. ती सरळ आंत जाते. तूं शिकलेला आहेस; तूं कुंपण पाहिलेंस, कोणत्या लांकडाचें तें ओळखलेंस, हें चांगलेंच झालें. आतां कुंपणाशींच उभा राहूं नकोस; आजीच्या मागोमाग आंत जा.

एवढें बोलून, आणि या धर्मग्रामावर पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एका परमेश्वराचा आशीर्वाद निरंतर राहो अशी प्रार्थना करून, आम्ही आपली रजा घेतों.